देहाचा निचरा

शिरपूर जैन हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या प्राचीन मंदिरामुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. परंतु यात्रेकरू आपापल्या गावी परतले की मागे उरते ती येथील शेती. खरिपात सोयाबीन व तूर, रब्बीत हरभरा व गहू ही या भागातील नेहमीची पिके होत. काळ्या जमिनीशी पिढ्यानपिढ्या व्यवहार करणाऱ्या येथील शेतकऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पिकास पाणी देणे जितके अगत्याचे, तितकेच नको असलेले पाणी वावराबाहेर काढून देणेही अगत्याचे असते. धुऱ्यालगतचा चर बुजला की एकाच पावसाळ्यात जमीन चिबडते, सोयाबीन पिवळे पडते आणि पिकाची मुळे कुजू लागतात.

या गोष्टीचे मोठे व भयप्रद उदाहरण वाशीम जिल्ह्याच्या उत्तरेस आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील माती खोल व चिकण आहे. तिच्यातून पाण्याचा निचरा फार सावकाश होतो. त्यामुळे क्षार वाहून न जाता तेथेच साचतात. विहिरीस पाणी लागते, पण ते पिकासही चालत नाही आणि माणसासही चालत नाही.

जमिनीचा हा नियम मनुष्यदेहासही लागू आहे. शरीरात रोज अन्न जाते, पाणी जाते, वायू जातो. त्यांचा उपयोग झाल्यावर जे निरुपयोगी व विषारी द्रव्य उरते, ते वेळच्या वेळी बाहेर पडले नाही, तर देहाचीही चिबड जमीन होते. हा निचरा कसा घडतो आणि उन्हात राबणाऱ्या माणसाच्या देहात तो कोठे अडतो, हे शेतकऱ्याने व गावात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

देहातील कचरा कोणता?

पुष्कळांची अशी समजूत असते की, शौचास साफ झाले म्हणजे शरीर शुद्ध झाले. ही समजूत अपुरी आहे. मळाचा मोठा भाग हा न पचलेल्या अन्नाचा चोथा, पाणी व आतड्यांतील जंतू यांचा असतो. त्यातील पुष्कळसे अन्न रक्तात कधी शिरलेलेच नसते. शरीराचा खरा कचरा पेशींत तयार होऊन रक्तात येतो. प्रत्येक पेशी अन्नाचे ज्वलन करून शक्ती निर्माण करते आणि चुलीत जशी राख उरावी, तशी काही द्रव्ये मागे उरतात. ही राख बाहेर टाकण्याच्या क्रियेस उत्सर्जन असे म्हणतात.

उत्सर्जनाचे काम शरीराने निरनिराळ्या इंद्रियांत वाटून दिले आहे. कर्बद्विप्राणील वायू फुप्फुसांवाटे श्वासाबरोबर बाहेर जातो. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्यावर उरणारे पिवळे रंगद्रव्य यकृत पित्तात सोडते व ते मळावाटे निघून जाते. कावीळ झालेल्या माणसाचे डोळे पिवळे होतात, ते या द्रव्याची वाट अडल्यामुळे किंवा ते प्रमाणाबाहेर वाढल्यामुळे. त्वचेतून घाम निघतो व त्यात थोडे मीठ व अत्यल्प युरिया असतो. तथापि घामाचे मुख्य कार्य शरीर थंड ठेवणे हे आहे. "घाम गाळला की अंगातील विष निघून जाते" असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु घाम हा मूत्रपिंडांचे काम करू शकत नाही. रक्तातील नत्रयुक्त कचरा, जादा क्षार व जादा पाणी बाहेर काढण्याचा भार मुख्यतः दोन मूत्रपिंडांवरच असतो.

यांपैकी युरिया हा शब्द शेतकऱ्यास नवा नाही. डाळ, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिनांचा उपयोग झाल्यावर त्यांतील नत्रापासून प्रथम अमोनिया तयार होतो. अमोनिया अत्यंत विषारी असल्याने यकृत त्याचे रूपांतर सौम्य अशा युरियात करते. पिकास देण्यासाठी गोणीतून जो युरिया आणला जातो, तोच हा पदार्थ. १८२८ साली फ्रीडरिख व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रथम प्रयोगशाळेत तयार केला. त्यापूर्वी तो केवळ मूत्रातूनच मिळत असे. प्रौढ मनुष्याच्या शरीरातून रोज सुमारे २५ ग्रॅम युरिया मूत्रावाटे बाहेर पडतो. गोठ्यातील मूत्र वाया न घालवता काडीकचऱ्यात मुरवावे, असे जे सांगितले जाते त्याचे कारण हेच की, जनावराच्या देहास जे नको असते, ते पिकास हवे असते.

दोन लहान इंद्रिये, मोठे काम

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, वालाच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाची लांबी १० ते १२ सेंटिमीटर व वजन साधारण दीडशे ग्रॅम. हृदयातून दर मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त बाहेर पडते. त्यापैकी जवळजवळ एक पंचमांश रक्त, म्हणजे मिनिटास एक लिटर, या दोन लहान इंद्रियांकडे जाते. शरीराच्या एकूण वजनाशी त्यांचे वजन ताडून पाहिले असता निसर्गाने या कामास किती महत्त्व दिले आहे, हे ध्यानात येते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या आरंभी केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. रक्ताच्या दाबामुळे त्यातून पाणी, क्षार, साखर व युरिया पाझरून एका नळीत उतरतात. रक्तपेशी व प्रथिने मागे राहतात. अशा रीतीने एका दिवसात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. फवारणीसाठी वावरात ठेवलेले दोनशे लिटरचे पिंप जवळजवळ भरेल एवढा हा द्रव होय. शरीरातील रक्तद्रव फक्त तीन लिटरच्या आसपास असतो. म्हणजे तेच पाणी दिवसातून साठ वेळा गाळून निघते.

हे सर्व पाणी बाहेर गेले असते, तर मनुष्य तासाभरातच कोसळला असता. परंतु नेफ्रॉनच्या लांबट नळीत त्याची निवड होते. साखर जवळजवळ सर्व परत घेतली जाते. पाणी व मीठ यांचा फार मोठा भाग परत घेतला जातो. युरिया व इतर नको असलेली द्रव्ये पुढे सोडली जातात. १८० लिटरपैकी शेवटी सुमारे दीड लिटर मूत्र उरते. ते दोन मूत्रवाहिन्यांतून थेंब थेंब मूत्राशयात जमा होते व तेथून बाहेर टाकले जाते.

मूत्रपिंडांची कामे एवढ्यावरच संपत नाहीत. रक्तदाब योग्य राखणे, तांबड्या पेशी तयार करण्याची सूचना हाडांतील मगजास देणे आणि ड जीवनसत्त्व उपयोगी रूपात आणणे ही कामेही तीच करतात. म्हणूनच मूत्रपिंडे बिघडलेला रोगी पांढुरका पडतो, त्याचा रक्तदाब वाढतो व हाडे दुखू लागतात.

मे महिन्यातील एक दिवस

आता मे महिन्यातील एक दिवस विचारात घेऊ. पारा ४२ अंशांच्या वर गेला आहे. धसकटे वेचणे, काडीकचरा गोळा करणे, शेणखत पसरणे ही कामे चालली आहेत. एक मजूर सकाळी चहा घेऊन निघाला. बरोबर एक लहान बाटली पाणी आहे व विहीर दूर आहे. कष्टाच्या कामात अशा उन्हात तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. दोन तासांत त्याची बाटली संपली, पण घाम थांबला नाही.

रक्तातील पाणी कमी होताच मेंदूस त्याची वर्दी मिळते. तहान लागते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात सुटते. ते मूत्रपिंडांस कळविते की, पाणी जपून वापरा. मूत्र थोडे व गडद होते. दुष्काळात हुशार शेतकरी विहिरीचे पाणी पुरवून पुरवून वापरतो, तसाच हा प्रकार आहे. मात्र या काटकसरीस सीमा आहे. दिवसभराचा कचरा विरघळवून बाहेर टाकण्यास किमान अर्धा लिटर मूत्र तरी लागतेच. त्याहून कमी झाले की कचरा रक्तात साचू लागतो.

दुपारी एकच्या सुमारास आणखी एक गोष्ट घडते. रक्त आटल्याने दाब उतरतो व मूत्रपिंडांकडे जाणारा प्रवाह रोडावतो. त्याच वेळी थकलेल्या स्नायूंतून कचरा मात्र अधिक येतो. काम वाढलेले व पाणी घटलेले, अशा अवस्थेत गाळण्यांना इजा होते. संध्याकाळी मजूर घरी येतो, पाणी पितो, जेवतो, झोपतो. इजा बहुधा भरून येते. परंतु तीच इजा दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी व वर्षानुवर्षे होत राहिली, तर काही गाळण्या कायमच्या निकामी होतात. बंद पडलेला नेफ्रॉन पुन्हा उत्पन्न होत नाही.

हा नुसता तर्क नाही. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत ऊसतोडीचे काम करणारे हजारो तरुण मजूर मूत्रपिंडाच्या विकाराने दगावले. त्यांपैकी पुष्कळांना मधुमेह नव्हता व जुना रक्तदाबही नव्हता. प्रखर उन्हात, पुरेसे पाणी व विश्रांती न मिळता केलेले कष्ट हे त्यामागील एक प्रमुख कारण असल्याचे अभ्यासकांचे मत झाले. तेथे काही ऊसक्षेत्रांत पाणी, विश्रांती व सावली या तीन गोष्टींची शिस्त लावण्यात आली व मजुरांच्या मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाल्याचे दिसून आले. उपाय किती साधा आहे, हे यावरून दिसेल. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याचा उद्दानम हा भागही अशाच विकाराने ग्रासलेला आहे. त्याच्या कारणांचा उलगडा अद्याप पूर्णपणे झालेला नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील गावांतही मूत्रपिंडाचे रोगी मोठ्या संख्येने असल्याची तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे.

खडा आणि ठिबकची नळी

ज्यांच्याकडे ठिबक सिंचन आहे, त्यांनी नळीच्या तोट्यांत साचणारा पांढरा थर पाहिला असेल. पाण्यातील क्षार एका मर्यादेपर्यंत विरघळून राहतात. पाणी आटले की ते घट्ट होऊन बसतात. मूत्रपिंडातील खड्याची गोष्ट हीच आहे. मूत्र फार घट्ट झाले की त्यातील कॅल्शियम ऑक्झॅलेटसारखे क्षार कणाकणाने जमतात व त्यांचा खडा होतो. खडा मूत्रवाहिनीत अडकला म्हणजे पाठीकडून जांघेकडे जी कळ जाते, ती भोगलेला माणस विसरत नाही. ठिबकची नळी आम्लाने धुता येते. मूत्रवाहिनीस तो उपाय नाही. खडा होऊ नये म्हणून मूत्र पातळ ठेवणे हाच सोपा व स्वस्त मार्ग आहे.

स्त्रियांच्या बाबतीत एक निराळी अडचण आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. निंदण व सोंगणीच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा असतो. वावरात आडोसा नसतो. लघवीस जाण्याची वेळ येऊ नये म्हणून पुष्कळजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. व लागली तरी संध्याकाळपर्यंत रोखून धरतात. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटर, म्हणजे पुरुषाच्या मानाने पुष्कळच आखूड असल्याने बाहेरील जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात. लघवी वरचेवर झाली तर हे जंतू धुऊन निघतात. तुंबवून ठेवली तर वाढतात. जळजळ, वारंवार लागणे, ओटीपोटात दुखणे व पुढे थंडी वाजून ताप येणे ही लक्षणे दिसू लागतात. जंतू वर चढून मूत्रपिंडापर्यंत गेले, तर दुखणे गंभीर होते. विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर चार बांबू रोवून जुने लुगडे अथवा शेडनेट बांधले, तरी आडोसा तयार होतो. मजूर स्त्रियांना कामावर बोलावणाऱ्या शेतमालकाने एवढे करणे हे त्याचे कर्तव्य समजले पाहिजे.

गाळलेले पाणी, उकळलेले पाणी

शिरपूरसारख्या जैन तीर्थक्षेत्री पाणी गाळून पिण्याचा आचार फार जुना आहे. अहिंसेच्या भावनेतून आलेला हा नियम आरोग्याच्या दृष्टीनेही हितकर आहे. दाट वस्त्रातून गाळल्याने गाळ, किडे व मोठे जंतू निघून जातात. रोगजंतू मात्र वस्त्रातूनही पार होतात; त्यांसाठी पाणी उकळणेच श्रेयस्कर असते, आणि उकळलेले पाणी वापरण्याची चालही या समाजात आहेच.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लक्षात ठेवली पाहिजे. पाण्यात विरघळलेला क्षार गाळण्यानेही जात नाही आणि उकळण्यानेही जात नाही. उलट उकळताना थोडे पाणी वाफ होऊन जात असल्याने क्षाराचे प्रमाण किंचित वाढते. म्हणून ज्या विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी चवीला मचूळ अथवा खारट लागते, त्याचा नमुना तपासून घेणे हाच योग्य मार्ग आहे. मातीचा नमुना तपासण्यासाठी पाठविणाऱ्या शेतकऱ्याने पिण्याच्या पाण्याचा नमुनाही त्याच तत्परतेने पाठवावा.

उपवास, व्रत, रोजा अथवा निर्जळी एकादशी यांचे पालन अनेक घरांत श्रद्धेने केले जाते. ज्या दिवशी पाणी वर्ज्य असेल, त्या दिवशी उन्हातील जड काम न ठेवणे एवढी दक्षता सहज घेता येते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ला घेतल्याशिवाय निर्जळी करू नये.

गिधाडांनी शिकविलेला धडा

एके काळी मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत. १९९० नंतर काही वर्षांतच ती दिसेनाशी झाली. २००४ साली संशोधकांनी त्याचे कारण उघड केले. जनावरांची सूज व वेदना कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते व त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. पक्ष्यांच्या देहातील नत्राचा कचरा युरियाऐवजी यूरिक आम्लाच्या रूपात बाहेर पडतो. कोंबडीच्या विष्ठेत जो पांढरा भाग दिसतो, तो हाच. मेलेल्या गिधाडांच्या अवयवांवर या पांढऱ्या द्रव्याचे थर आढळले. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. त्याच्या जागी गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे औषध पुढे आले.

मनुष्य हा गिधाडाइतका नाजूक नाही. परंतु याच जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडील रक्तप्रवाह कमी करतात, हे माणसाच्या बाबतीतही खरे आहे. सोंगणीच्या हंगामात कंबर धरली की दुकानातून गोळी आणून घ्यावयाची व पुन्हा कामास लागावयाचे, ही सवय गावोगाव दिसते. आधीच घामाने रक्त आटलेले, त्यात अशी गोळी रोज. या दोहोंचा मारा मूत्रपिंडांस सोसत नाही. ज्याला रोज गोळीवाचून काम करता येत नाही, त्याने गोळी बदलण्यापेक्षा डॉक्टरांस दाखविणे बरे.

फवारणीचे विष कोठे जाते?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. विदर्भातील प्रत्येक शेतकऱ्याने ही घटना स्मरणात ठेवावी अशी आहे. औषध श्वासातून तर शरीरात जातेच, पण घामाने भिजलेल्या त्वचेतूनही ते आत शिरते. आत गेलेले विष यकृत मोडून टाकण्याचा प्रयत्न करते व मोडलेले भाग मूत्रपिंडे बाहेर काढतात. देहाची ही शक्ती मर्यादित आहे. विष निचऱ्याच्या वेगाहून अधिक वेगाने आत येऊ लागले की माणूस पडतो.

काही तणनाशके तर निचऱ्याचे दारच मोडतात. पॅराक्वाट हे त्यांपैकी एक होय. ते शरीराबाहेर जाण्याचा मुख्य मार्ग मूत्रपिंडांतून आहे, आणि जाता जाता ते मूत्रपिंडांनाच इजा करते. म्हणजे बाहेर पडण्याची वाट त्यानेच बंद होते. त्यावर उतारा उपलब्ध नाही. यास्तव हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडावर योग्य मुखपट्टी, वाऱ्याच्या दिशेने फवारणी आणि काम संपताच साबणाने आंघोळ या नियमांत कसूर होऊ देऊ नये. गळणारा पंप पाठीस लावू नये. औषधाचा रिकामा डबा पिण्याच्या पाण्यासाठी कधीही वापरू नये.

निचरा थांबल्यावर

मूत्रपिंडांचा एक गुण पुढे त्यांचा दोष ठरतो. त्यांच्यात राखीव शक्ती इतकी असते की, एक मूत्रपिंड दान करूनही माणूस निरोगी राहू शकतो. त्यामुळे निम्म्याहून अधिक गाळण्या निकामी होईपर्यंत पुष्कळ वेळा काहीच जाणवत नाही. सकाळी तोंडावर सूज, पायांवर सूज, लघवीस दीर्घकाळ टिकणारा फेस, लघवीतून रक्त, रात्री वारंवार उठावे लागणे, भूक मंदावणे, थोड्या कामाने धाप लागणे ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मधुमेह व उच्च रक्तदाब ही मूत्रपिंडे बिघडण्याची सर्वांत मोठी दोन कारणे आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे.

दोन्ही मूत्रपिंडे पार थकल्यावर रक्त यंत्राने धुवावे लागते. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ साली असे यंत्र प्रथम रोग्यावर वापरले. १९५४ साली अमेरिकेतील बोस्टन येथे जुळ्या भावांपैकी एकाचे मूत्रपिंड दुसऱ्यास यशस्वीपणे बसविण्यात आले. भारतात वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९७१ साली अशी शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली अंगीकृत रुग्णालयांत पात्र रोग्यास रक्तशुद्धीकरणाचा खर्च पडत नाही. परंतु आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रास जोडून राहावे लागते. शिवाय जाण्यायेण्याचा दिवस मोडतो आणि बरोबर घरातील एक माणूस लागतो. पेरणीच्या किंवा सोंगणीच्या दिवसांत याचा अर्थ काय होतो, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको. यंत्र हा आधार आहे. देहाने स्वतः केलेल्या निचऱ्याची बरोबरी ते करू शकत नाही.

काय करावे?

१. उन्हात काम करताना तहानेची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे. एकाच वेळी फार पाणी पिणेही हितकर नाही. एका तासात दीड लिटरची मर्यादा ओलांडू नये.

२. वावरात माणशी पुरेसे पाणी पोहोचले आहे की नाही, हे कामाच्या आधी पाहावे. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माठ झाडाखाली ठेवल्यास पाणी गार राहते.

३. घाम फार गेल्यास मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत किंवा कैरीचे पन्हे घ्यावे. जुलाब-उलट्या होत असल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजावे.

४. मे महिन्यात जड कामे पहाटे व सायंकाळी उरकावीत. दुपारी बारा ते चार सावलीत विश्रांती घ्यावी.

५. लघवीच्या रंगाकडे लक्ष द्यावे. गव्हाच्या काडाप्रमाणे फिकट पिवळा रंग असल्यास पाणी पुरेसे आहे. कोऱ्या चहासारखा गडद असल्यास ते अपुरे आहे. पाणी पिऊनही रंग तसाच राहिला, तर डॉक्टरांस दाखवावे.

६. लघवी रोखून धरू नये व दुसऱ्यास रोखून धरावी लागेल अशी परिस्थिती ठेवू नये.

७. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. जडीबुटी व भस्मे यांचे घटक माहीत नसल्यास तीही घेऊ नयेत.

८. वयाच्या तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तातील साखर, लघवीतील प्रथिन व रक्तातील क्रिएटिनिन यांची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने करून घ्यावी.

९. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आधीच आहे, त्यांनी पाणी व मीठ यांचे प्रमाण डॉक्टर सांगतील तेवढेच ठेवावे. वरील प्रमाण त्यांच्यासाठी नाही.

गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने शेतीशाळेत किंवा ग्रामसभेत हा विषय मांडताना मोठ्या शब्दांची गरज नाही. एका पिंपात पाणी भरून, मूत्रपिंडे एका दिवसात जवळजवळ एवढे गाळतात, असे दाखविले तरी लोकांच्या मनावर ते ठसते. आशा कार्यकर्तीने स्त्रियांच्या बैठकीत आडोशाचा प्रश्न काढावा. पुरुषांच्या बैठकीत तो कृषी कार्यकर्त्याने काढावा.

मृग नक्षत्रापूर्वी शिरपूरच्या शिवारात चर उपसले जातील, धुरे दुरुस्त होतील, पावसाच्या पाण्याची वाट मोकळी केली जाईल. ते काम वर्षातून एकदा केले तरी भागते. देहाची वाट मात्र रोज मोकळी ठेवावी लागते, आणि तिला कुदळ लागत नाही. भरलेला माठ, झाडाची सावली व चार बांबूंचा आडोसा एवढे साहित्य प्रत्येक वावरात या हंगामापासून असावे.